सुदानच्या रुईची लांबी

६ जानेवारी १९५७, रविवार

वर्ध्याच्या मालधक्क्यावर जो कोणी पाच मिनिटे उभा राहिला असेल, त्याला एक कोडे नक्की पडले असेल. एका बाजूने आपल्या जिल्ह्यातल्या रुईच्या गाठी मुंबईकडे रवाना होतात आणि दुसऱ्या बाजूला मुंबईहून आलेल्या रुईच्याच गाठी जानकी मिलसाठी उतरतात. या दुसऱ्या गाठींवर काळ्या शाईत परदेशी अक्षरे असतात. हंगामात ज्या गावाच्या रस्त्यावर पांढरे पुंजके उडत असतात, त्या गावाने समुद्रापलीकडून कापूस का मागवावा?

उत्तर एका शब्दात आहे : लांबी. आपल्या रुईचा तंतू पाऊण इंचाचा. त्याचे जाडेभरडे सूत उत्तम निघते; पण ऐंशी नंबरचे, धोतराच्या तलम पोताचे सूत काढायला गेलो तर तंतू एकमेकांना पुरेसा विळखा घालू शकत नाहीत आणि सूत तुटते. त्याला सव्वा इंचाच्या वरचा तंतू लागतो. असा कापूस सिंध-पंजाबात होत असे; फाळणीने तो पलीकडे गेला. मग उरले मिसर, युगांडा आणि सुदान. आजवर सुदानचा माल इंग्रज दलालांच्या हातून येई. गेल्या वर्षी १ जानेवारीला सुदान स्वतंत्र झाला. आता तो देश स्वतःचा माल स्वतः विकू पाहतो आणि आपला देश तो थेट विकत घेऊ पाहतो. मला या विषयावर दोन तास बोलता येते, आणि कोणी ऐकले तर आनंदच होतो.

पण आज ही वही उघडली ती त्यासाठी नाही.

जानकी मिलचा रुई-पारखी म्हणून मी अकरा वर्षे काम केले. १९५४ च्या मार्चमध्ये सुदानच्या साठ गाठी आल्या. मी हाताने तंतू ओढून लांबी मोजली : इंचाला एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. मी माल नाकारला. माझ्या हाताखालचा माणूस, प्रभाकरराव, मॅनेजरसाहेबांना म्हणाला की माल चांगला आहे. वाद मुंबईच्या पंचांकडे गेला. पंचांनी यंत्रावर मोजून माल सव्वा इंचाच्या वर असल्याचे लिहून दिले. मिलची नाचक्की झाली. प्रभाकरराव पारखी झाला आणि मी आज देवळीच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, शेतकऱ्यांच्या गाड्यांवरचा कापूस पाहतो.

माझी बोटे खोटे बोलत नाहीत. नमुना बदलला गेला, आणि तो कोणी बदलला हे मला ठाऊक आहे. तीन वर्षे मी गप्प राहिलो. रागाने नव्हे, पुराव्याने बदला घ्यायचा असतो.

९ जानेवारी

वर्तमानपत्रात बातमी आहे. सुदानचे एक व्यापारी शिष्टमंडळ फेब्रुवारीत येत आहे. नागपूर, सेवाग्राम, आणि “वर्धा जिल्ह्यातील एक जिनिंग कारखाना”. जिनाचे मालक म्हणाले, “पाहुणे आपल्याकडं येतील असं दिसते, चंद्रभानजी. इंग्रजीत समजावून सांगणारे इथं तुमीच एक.”

मी म्हटले, “समजावून सांगेन.”

१५ जानेवारी, मंगळवार

भागाबाई आली होती. ती आर्वीकडच्या गोंडवस्तीतली. जानकी मिलच्या बारीक सुताच्या खात्यात गाठी फोडून रुई मोकळी करण्याचे काम करते. मिलमध्ये असताना मी तिला अक्षरओळख करून दिली होती, म्हणून अजून मान ठेवते. मी तिला सांगितले होते की सुदानच्या चालू गाठींतले झुबके मला हवेत. आज पदराच्या गाठीत चार झुबके बांधून आणले.

“कोनी पाह्यलं असतं तं माही रोजी गेली असती, बाबूजी,” ती म्हणाली. “काऊन पाह्यजे तुमाले हे?”

मी तिला सारे समजावून सांगितले. झुबका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जनींत घट्ट धरायचा, अंगठे एकमेकांना टेकवायचे, ओढायचा. एक भाग टाकायचा, दुसऱ्यातून पुन्हा ओढायचा. असे करत तंतू सरळ समांतर झाले की काळ्या मखमलीवर ठेवून मोजायचे. ती लक्षपूर्वक पाहत होती. प्रत्येक ओढीला बारीक चर्र असा आवाज येत होता. सडक्या तंतूची ती खूण. तीन वर्षांपूर्वीही हाच आवाज आला होता.

लांबी : इंचाला एक दोरा कमी. चारही झुबक्यांतला थोडाथोडा भाग ओढून पाहिला; तीच.

म्हणजे प्रभाकरराव आजही आखूड माल लांब म्हणून पास करीत आहे!

भागाबाई मात्र हसत होती. “बाबूजी, तुमी कापूस मोजून राह्यले का त्याचा गळा आवळून राह्यले? मी दिसभर हाच कापूस हातानं सोडवतो. मह्याजवळ तं असा कुरकुरत नाई तो.”

शिकलेले हात आणि न शिकलेले हात यांतला फरक तिला कसा समजवावा?

२० जानेवारी, रविवार

बाजारात कोणीतरी म्हणत होते की सुएझ कालवा बंद पडल्यामुळे आता आफ्रिकेचा कापूस येणे बंद. मला राहवले नाही. कांद्याच्या दुकानापुढे मातीत बोटाने नकाशा काढला. हा कालवा, हा तांबडा समुद्र, हे सुदानचे बंदर. ते कालव्याच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला आहे. कालवा बंद झाल्याने सुदानला विलायतेचा रस्ता अवघड झाला. मुंबईचा मोकळाच आहे. म्हणून तर या वर्षी सुदानला आपली गरज आणि आपल्याला सुदानची. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, नकाशा झाला असंन तं टोपली ठिवू का तिथं?” लोक हसले. मीही हसलो.

घरी परतताना मनात एकच हिशेब होता. जानकी मिल या शिष्टमंडळाशी तीनशे गाठींचा थेट करार करणार आहे, मध्ये कोणताही दलाल नाही. मिलचा हा पहिला असा करार, आणि मालाची शिफारस प्रभाकररावाची. त्याचे नाव जेव्हा सर्वांत उंच असेल, नेमके तेव्हाच ते खाली आणायचे.

२ फेब्रुवारी

माझी बायको अन्नपूर्णा सूत कातता कातता म्हणाली, “अवो, त्या प्रभाकररावाचं नाव तुमी आज जेवताना सात डाव घेतलं. देवाचं एक डाव बी नाई.”

मी म्हटले की मी फक्त उजळणी करीत आहे.

उजळणी खरीच चालली आहे. मखमलीची नवी पट्टी शिवून घेतली. पितळी मोजपट्टी चिंचेने घासली. कोणत्या क्रमाने बोलायचे ते लिहून काढले : आधी सरकी व रुई वेगळी कशी होते, मग आपल्या रुईची लांबी, मग सहज म्हणून सुदानचा झुबका. पाहुण्याने स्वतः पाहावे, मॅनेजरसाहेबांनी पाहावे, आणि प्रभाकररावाने तोंड कोठे लपवावे ते त्याने ठरवावे. १९५४ मध्ये त्याने मला कार्यालयाबाहेर व्हरांड्यात उभे असताना पाहिले होते. त्या दिवशी माझ्याजवळून जाताना त्याने मान खाली घातली. ती खाली घातलेली मान मला आजही सहन होत नाही. हसला असता तर परवडले असते.

११ फेब्रुवारी, सोमवार

झाले. शांतपणे, क्रमाने लिहितो.

पाहुणे साडेनऊला आले. शिष्टमंडळातले दोघे सेवाग्रामलाच थांबले. आले ते श्री. उस्मान बशीर. उंच, सावकाश बोलणारे, पांढरा पायघोळ अंगरखा व पागोटे. सुदानच्या सरकारी कापूस खात्यात वीस वर्षे. सोबत जानकी मिलचे मॅनेजरसाहेब व प्रभाकरराव. अंगणात गाड्यांचे पन्नास-साठ शेतकरी, जिनातल्या बाया, सारे गोळा झाले होते.

मी दीड तास बोललो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. बशीरसाहेब प्रश्न विचारीत होते आणि प्रत्येक प्रश्न जाणकाराचा होता. आपल्याकडे पाऊस लहरी, त्यांच्याकडे नाईल नदीचे कालवे. आपल्याकडे प्रत्येकाचे वेगळे शेत, त्यांच्याकडे सरकार, सरकारी मंडळ व कूळ यांची भागीदारी. ते म्हणाले की त्यांच्या देशाची पहिली निवडणूक भारताच्या एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पार पडली, आणि हे त्यांच्या घरी मुलांनाही ठाऊक आहे. मी ते मराठीत सांगितल्यावर शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा ओरडला, “मंग तं हे आपलेच पाव्हणे! गूळ आना रे!”

त्यानंतर मी आपली रुई ओढून दाखवली. पाऊण इंच, स्वच्छ. मग खिशातून दुसरी पुडी काढली.

“हा सुदानचा,” मी आधी इंग्रजीत व मग मराठीत म्हटले. “जानकी मिलमध्ये सध्या कातला जाणारा. कागदावर सव्वा इंचाहून लांब. आता आपण सर्वांनी पाहावे.”

प्रभाकररावाचा चेहरा बदललेला मी पाहिला. तीन वर्षे वाट पाहिलेला क्षण होता तो. मी ओढत गेलो, अंगठ्याला अंगठा लावून, पकड जराही सैल न सोडता. मखमलीवर ठेवला. मोजपट्टी लावली. इंचाला एक दोरा कमी.

मॅनेजरसाहेबांनी स्वतः वाकून पट्टी पाहिली.

“प्रभाकररावजी, ये क्या है?”

“साहेब, तसं नाही,” तो म्हणाला. “चंद्रभानजी, तुमचा हात...”

“माझा हात अकरा वर्षांचा आहे,” मी म्हटले. “तुमची शिफारस किती वर्षांची?”

लोक हसले. त्या हसण्याची चव अजून जिभेवर आहे.

बशीरसाहेब माझ्या हातांकडे बराच वेळ पाहत होते. त्यांनी विचारले, “आपण रोज कोणती रुई मोजता?”

“आमची. पाऊण इंची.”

“आणि आमची?”

“तीन वर्षांनी, आता.”

त्यांनी मान डोलावली. त्यांचा हात मखमलीकडे गेला, झुबक्याला लागलासुद्धा, आणि मग त्यांनी तो परत घेतला. जिनातल्या एका बाईने नेमका तेव्हाच गुळाचा चहा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि पूर्ण प्यायला. सत्य समोर आल्यावर जाणकार माणूस वाद घालीत नाही, हे मला त्यांच्याकडून शिकावेसे वाटले.

निघताना ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले, आणि मी भाषांतर केले : “आमच्या देशाचे नाव एक वर्षाचे आहे. इतक्या लोकांसमोर त्याच्या मालावर शंका निघाली असताना मी आज सही घेऊ शकत नाही. विकत घेणाऱ्याच्या घरात एकमत झाले की बोलू.”

गाडी गेली. तीनशे गाठी गेल्या. पण आखूड माल होता तो. गेला ते बरेच झाले.

१२ फेब्रुवारी

शांत झोप लागली. तीन वर्षांनी प्रथमच.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रभाकररावाला काढले. मॅनेजरसाहेबांचा निरोप आला : ११ मार्चपासून आपण रुजू व्हावे.

संध्याकाळी प्रभाकरराव स्वतः माझ्या दारात आला. मी त्याला बस म्हटले नाही. अन्नपूर्णेने पाणी आणून दिले. ते त्याने घेतले.

“भांडायला नाही आलो,” तो म्हणाला. “पारखीच्या खोलीतली जुनी नमुन्यांची पेटी तुमच्या वेळची आहे, कुलूप अडकते, वरून दाबून उघडा, एवढं सांगायला आलो.”

“आणि नमुना कसा बदलला, ते सांगायला नाही आलात?”

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “तीन वर्षं तुम्ही असं समजत होता?” मग हळूच म्हणाला, “चौपन्न साली, पंचांकडे माल जायच्या आधी, मी तुमच्याकडे आलो होतो. सांगत होतो, लांब रुईला हात वेगळा धरावा लागतो. तुम्ही म्हणालात, कालचा पोरगा मला हात धरायला शिकवणार? म्हणून मग मी साहेबांकडे गेलो. ते माझं चुकलं. दुसऱ्यांदा यायला पाहिजे होतं.”

पराभूत माणूस किती कसोशीने गोष्ट रचतो! त्याने ‘चुकलं’ म्हटलेले मी ऐकले, आणि तेवढे मला पुरे आहे. तो गेल्यावर अन्नपूर्णेने तांब्या उचलला आणि माझ्याशी न बोलता आत गेली.

३ मार्च, रविवार

मिलमधली बातमी. लांब रुई हाती नाही. मुंबईच्या दलालाकडून घ्यावी तर त्याच्या परवान्याचा कोटा संपलेला. बारीक सुताचे खाते बंद. अडतीस माणसे घरी.

भागाबाई दुपारी आली. पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही.

“बसा की, भागाबाई.”

“नाई. माही गाडी हाय साडेतीनची. माहेरी चाललो. इथं खाऊ काय?”

मी तिला समजावले की एका माणसाच्या अप्रामाणिकपणाची किंमत काही काळ सर्वांना मोजावी लागते, पण पुढे खाते शुद्ध पायावर उभे राहील, आणि तेव्हा तिला मी सर्वांत आधी बोलावीन.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “बाबूजी, कापूस पदरात बांधून मीच आनला, म्हनून तुमाले काई म्हनत नाई. माहंच चुकलं. पन एक सांगतो. तुमचा बदला झाला, आन् शिजला माह्या चुलीवर. आता तुमी जेवजा पोटभर.”

या बायांच्या बोलण्यात एक उगाच धार असते. मी मनावर घेतले नाही. जेवण मात्र गेले नाही. उकाडा आतापासूनच वाढला आहे.

१० मार्च, रविवार

काल मुंबईहून पत्र आले. उस्मान बशीर यांचे. उतरवून ठेवतो, कारण नोंद पूर्ण असावी.

“आपल्या अंगणातला सकाळचा पाठ मी विसरणार नाही. पण मी एक गोष्ट तेथे बोललो नाही, आणि जहाजावर चढण्यापूर्वी ती लिहिणे मला भाग आहे. आपण प्रत्येक ओढीत दोन्ही अंगठे टेकवून धरले होते. पाऊण इंची रुईला ते योग्यच आहे; आपली बोटे तिच्यावर घडली आहेत. आमच्या रुईला तसे धरले तर तंतूची दोन्ही टोके पकडीत सापडतात आणि तो मध्येच तुटतो. आपण मोजलेत ते तुकडे. मला ते तत्क्षणी दिसले. पण ज्याने मला दीड तास इतक्या जिव्हाळ्याने शिकवले, त्याला त्याच्याच लोकांत उणे पाडणे मला जमले नाही. माझ्या संकोचाची किंमत दुसऱ्या कोणाला पडू नये. हे पत्र आपण आपल्या मॅनेजरना व श्री. प्रभाकररावांना दाखवावे. तीनशे गाठी मी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवीत आहे.”

मी पत्र तीनदा वाचले. प्रभाकररावाने ते लिहवून घेतले आहे हे उघड आहे. शब्दसुद्धा त्याचेच आहेत : लांब रुई, वेगळा हात. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगावी, याचा दुसरा अर्थ काय?

अन्नपूर्णेने पत्रात काय आहे विचारले. मी सांगितले. ती कापसाच्या वळलेल्या पेळूतून टकळीवर सूत काढत होती, ती थांबली.

“बस एवढंच? हे तं सेवाग्रामच्या कताईवर्गात पयल्याच दिवशी कळते. पेळू जवळजवळ धरून ओढला तं तो जागचा हालत नाई. जोर केला का तुटते. हात जरासा दूर नेला का आपसूक सरकते. तुमाले कोनी सांगतलं नाई आजवर?”

“तू पेळूबद्दल बोलतेस. ही शास्त्रीय पद्धत आहे.”

“कापूस तं तोच हाय ना?” ती म्हणाली. “का शास्त्राचा कापूस येगळा रायते?”

तिने टोपलीतून एक पेळू काढून माझ्यापुढे ठेवला. भागाबाईने आणलेल्या सुदानच्या झुबक्यांतला एक शिल्लक आहे. तोही तिनेच शोधून त्याच्या शेजारी ठेवला, आणि ती पाणी भरायला गेली.

पत्र मी ट्रंकेत तळाशी ठेवले आहे. महिनाअखेरीस एकवीस दिवस आहेत. उद्या सकाळी मला पारखीच्या खोलीची किल्ली मिळेल. तीन वर्षे ज्या दारासमोर उभे राहण्याचे मी मनात घोकले, ते दार. आज कशाचीही तपासणी करण्याची मला गरज नाही.

तरीही मी आयुष्यभर लोकांना समजावीत आलो, आणि अर्धवट समजावणे मला मान्य नाही. म्हणून ज्याला माझ्यावर शंका घ्यायची असेल, त्याच्यासाठी रीत लिहून ठेवतो. यंत्र लागत नाही. घरातला वातीचा कापूस घ्यावा. तो बोटाएवढा लांब, सैलसर वळून घ्यावा. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, अंगठे एकमेकांना टेकवून ओढावा. तो अडतो की तुटतो, आणि तुटताना आवाज येतो का, ते पाहावे. मग दुसरा वळून घ्यावा आणि दर ओढीला अंगठे एकेक दोरा लांब नेत जावे. ज्या अंतरावर तो न अडता, न तुटता, आवाज न करता पहिल्यांदा सरकेल, तेथे थांबावे आणि दोन अंगठ्यांमधले अंतर पट्टीवर मोजावे. तीच त्या तंतूची लांबी.